डब्यातून आलेली नवी आवृत्ती

कामोठे, नवी मुंबई
रविवार

चि. मितेश यास,

श्यामसुंदरचे आशीर्वाद. पत्राच्या डोक्यावर 'श्री' नाही, तो घाईत राहिलेला नाही. वर्ष सरेपर्यंत या घरातून जाणाऱ्या कागदावर 'श्री' घालायचा नाही असं चांगुणाताईने बजावलं आहे, आणि माझ्या या मोठ्या बहिणीने बजावलेलं मी आजवर मोडलेलं नाही. तुझ्या पित्ताचं कसं काय? सकाळचा चहा उपाशीपोटी घेऊ नकोस असं मालती तुला दर फोनला सांगायची. आता ते काम माझ्याकडे आलं आहे असं समज आणि घेऊ नकोस. सौ. रंजिताला आशीर्वाद. तिने नाशिकहून पाठवलेलं लिंबाचं लोणचं पोचलं. (लोणचं नवीन वस्तू धरायची की जुनी, यावर ताईने बराच विचार केला. मुरलेलं असेल तर जुनं, असा निकाल लागला. मुरलेलं निघालं.) माझी तब्येत उत्तम आहे. जेवण वेळेवर होतं.

तू मागे फोनवर विचारलंस, "भावोजी, कंप्युटरचं काय केलंत तुम्ही? वामनकाका भलतंच काहीतरी सांगत होते." त्यावर मी "बरं आहे, ठेवतो" म्हणालो, ते तुला तुटक वाटलं असेल. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझी बहीण मालती शेवटी माझ्या हातात फोन द्यायची तेव्हाही मी तेवढंच म्हणायचो. मात्र लिहायला बसलं की जमतं. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहिण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे झालेली गोष्ट क्रमाने मांडायची सवय आहे. वामनराव काय सांगतात ते बाजूला ठेव. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, लिफ्ट बंद असतानाही ती चालू आहे असं ते सांगतात. खरा प्रकार असा.

आमच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स आहे, डेबियन नावाचं, हे तुला माहीतच आहे, कारण मालतीने ते बसवलं तेव्हा तू तिला फोनवरून हसला होतास. (शाळेच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईला हे उद्योग कशाला, असं तू म्हणाला होतास. तिने मनावर घेतलं नाही. मी घेतलं होतं, पण ते आता जाऊ दे.) त्या डेबियनची पद्धत मला सुरुवातीपासून आवडली. एकदा जे प्रोग्रॅम दिले ते दिले. भिंतीला भोक पडलं तर ती मंडळी येऊन बुजवून जातात, पण भिंत बदलत नाहीत. सगळ्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या मिळतात त्या एकदम, पुढचं डेबियन निघेल तेव्हा. ते कधी निघणार असं विचारलं तर उत्तर येतं, तयार झालं की. हे उत्तर गाळ्यावर कुठल्याही व्यापाऱ्याने मला दिलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं, पण इथे ते पटतं. मालती म्हणायची, "जगाच्या मागे चाललो तरी पाय घसरत नाही ना, मग झालं."

ती गेल्यावर चांगुणाताईने घरात तोच कायदा लावला. वर्षश्राद्धापर्यंत घरात नवीन काही आणायचं नाही. आमच्या गावात हे सगळेच पाळतात, पण ताई ते तपासायला येते. मी बादली बदलली, तिने ती दुकानात परत करायला लावली आणि जुन्या बादलीच्या चिरेला डांबर लावून दिलं. माझ्या चपलेचा अंगठा स्टेशनाबाहेरच्या चांभाराने इतक्या वेळा शिवला आहे, की आता चपलेत चामड्यापेक्षा दोरा जास्त आहे. (दात घासायच्या ब्रशवर मात्र मी अडून बसलो आणि जिंकलो. शांत माणसाने एकदाच अडावं, पण नीट अडावं.) तर सांगायचं असं की यंत्रात डेबियन आणि घरात ताई, दोघांचं एकमत होतं, आणि मी दोघांच्या मध्ये सुखाने राहत होतो.

हे सुख मोडलं ते बायजामावशीमुळे. म्हणजे तुमच्या मावशीमुळेच, पण तिचा दोष नाही. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती तुझ्याकडे नाशिकला होती तेव्हा मालती तिथे येऊन राहिली आणि तुझ्या लॅपटॉपवर तिने मावशीचे धवले रेकॉर्ड केले, ते तुला आठवत असेल. आपल्या आगऱ्यांच्या लग्नातली ही गाणी आता म्हणणारी म्हणून तेवढीच धवलारीण उरली आहे, ती गेली की संपलं, असं मालती म्हणायची. तुकडे कापून, नीट लावून, मावशीला ऐकवायचे असं तिने मावशीला कबूल केलं होतं. ते काम ती घरच्या संगणकावर करणार होती. मग दवाखाने सुरू झाले. तुझा लॅपटॉप कंपनीचा, तो तू नोकरी बदलताना परत केलास. राहिला तो मालतीने त्यावरून भरून आणलेला पेनड्राइव्ह. गणपतीच्या आसपास मी गावी मावशीला भेटायला गेलो तर ती मला म्हणाली, "जावई, माजी गानी कवा लावतस? मना आता कडवी आठवत नाय. मदलाच कडवा जातं." तिला हल्ली मधलं आठवत नाही हे खरं. मालती गेली हेही तिला मधूनच आठवत नाही, आणि मग पुन्हा सांगावं लागतं. म्हणून मी ठरवलं, की निदान धवल्यांचं काम पुरं करायचं.

पेनड्राइव्ह लावला, फाईलवर दोनदा दाबलं, आणि आवाज कापायच्या-जोडायच्या प्रोग्रॅमने मला सांगितलं, की ही फाईल या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत बनवलेली आहे, उघडायची तर नवी आवृत्ती घ्या. प्रोग्रॅम तोच, नाव तेच, चित्र तेच, पण तुझ्या लॅपटॉपवरचा पुढचा आणि आमचा मागचा. बोलणं अगदी सभ्य होतं, पण उघडला नाही तो नाहीच.

आता तू म्हणशील, पेनड्राइव्ह मला पाठवायचा होता, मी साधी फाईल करून व्हॉट्सॅपवर टाकली असती. हे तू फोनवर म्हणालाच होतास आणि मी "बघू" म्हणालो होतो. बघितलं. कुरिअरवर माझा विश्वास नाही, आणि इंटरनेटवरून असली वस्तू पाठवायची माझ्या मनाची तयारी नाही. शिवाय ते काम ती घरच्या संगणकावर करणार होती. मी घरच्याच संगणकावर करायचं ठरवलं. यात अवघड असं काही नव्हतं.

पहिल्यांदा मी सरळ मार्गाने गेलो. डेबियनवाल्यांचं बॅकपोर्ट्स म्हणून एक बाजूचं भांडार आहे. तिथे काही प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या जुन्या घराच्या मापाने पुन्हा बेतून ठेवलेल्या असतात. मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याच्या मापाचा करून द्यावा तसं. ही व्यवस्था मला इतकी पसंत पडली, की मी तिथली पूर्ण यादी वाचली. पुष्कळ काही होतं. आपला प्रोग्रॅम नव्हता. (यादी वाचण्यात माझी दुपार गेली, पण दुपारी मला दुसरं काही काम नसतं.)

मग वामनराव आले. ते बेल न वाजवता येतात. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि म्हणाले, "श्यामराव, टेन्शन कशाला घेता? पुढचं डेबियन आत्ताच तयार होतंय, टेस्टिंग म्हणतात त्याला. त्याचा पत्ता तुमच्या भांडारांच्या यादीत टाकायचा, एक लाइन फक्त. एंटर मारायचा. खेळ खल्लास." खेळ खल्लास होणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो.

मी ओळ टाकली आणि त्या एकाच प्रोग्रॅमची नवी आवृत्ती मागितली. तू कधी कांदा-बटाटा मार्केटात किलोभर कांदा मागायला गेला आहेस का? तिथे किलो मिळत नाही. गोणी घ्यावी लागते. तसंच झालं. नवा प्रोग्रॅम म्हणाला, माझ्याबरोबर माझी नवी लायब्ररी, म्हणजे मला लागणाऱ्या सामानाची पेटी, आली पाहिजे. ती लायब्ररी म्हणाली, मग माझ्याखालचीही नवी पाहिजे. असं करत पार पायापर्यंत गेलं. पडद्यावर भली मोठी यादी आली, काय काय येणार आणि काय काय काढून टाकणार, आणि खाली प्रश्न, पुढे जाऊ का? मी जन्मभर वजनाची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय सही केली नाही. पण वामनराव शेजारी उभे होते. "अहो, ते सगळं वाचत बसायचं नसतं. मी तर कधीच वाचत नाही," ते म्हणाले, आणि मी 'हो' दाबलं. काढून टाकायच्या यादीत पडद्यावरची सगळी खिडक्या-चित्रांची व्यवस्था होती. ती गेली. काळा पडदा राहिला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत माझं नाव विचारणारी एक ओळ. वामनराव म्हणाले, "आयला, फास्ट झाला!" आणि त्यांना सोसायटीच्या टाकीचं काम आठवलं.

(तुला त्यांनी जे सांगितलं ते एवढ्याचंच. ते अर्ध्यातून गेले, म्हणून त्यांच्या गोष्टीचा शेवट वाईट आहे. माझ्या गोष्टीचा नाही.)

मी अजिबात घाबरलो नाही. मालती दर महिन्याला यंत्राच्या सगळ्या स्थितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवायची. मी शेजारी भाजी निवडत बसलेलो असायचो, त्यामुळे ती काय दाबते ते मला पाठ होतं. तिने दवाखान्यात जायच्या आधी काढलेली प्रत डिस्कवर होती. ती मी परत चढवली. चहा होईपर्यंत सगळं होतं तसं झालं. तिने लावलेलं चाफ्याचं चित्र, अक्षरं मोठी केलेली, डाव्या कोपऱ्यात वीज बिल भरायची आठवण. यंत्र त्या दिवसावर परत गेलं. यंत्रांचं हे एक बरं आहे. असो.

त्यानंतर मी प्रोग्रॅमचा कच्चा माल आणून घरीच बनवायचाही प्रयत्न केला. त्यात एक वस्तू आणली की ती दुसरी मागते आणि दुसरी तिसरी. नवीन सुनेला पहिल्यांदा पुरणपोळी करायला सांगितल्यासारखं ते चाललं होतं. मी वेळीच थांबलो. थांबणं हा माझा मूळ गुण आहे.

राहिला शेवटचा मार्ग, फ्लॅटपॅक. यात प्रोग्रॅम एका बंद खोक्यात येतो आणि त्याला लागणारं सगळं त्याच खोक्यात असतं. घरच्या कुठल्याच वस्तूला तो हात लावत नाही. नवी आवृत्ती खोक्यात, घर जुनंच. तांत्रिकदृष्ट्या यात मला काही शंका नव्हती. शंका दुसरीच होती. वर्षाच्या आत घरात नवी आवृत्ती आणायची का? बॅकपोर्ट्सच्या वेळी मी मनाची समजूत घातली होती, की जुन्या मापाने बेतलेलं म्हणजे जुनंच. टेस्टिंगच्या वेळी मी विचारलंच नाही आणि त्याची शिक्षा लगेच मिळाली (असं ताईचं मत, माझं नाही). या वेळी विचारायचं ठरवलं. ताई आली ती नेहमीप्रमाणे आधी मोरीत जाऊन बादली बघून आली. मग मी तिला खुर्ची दिली आणि सगळं समजावलं.

"तो नवा हाय क जुना?" तिने विचारलं.

नवा, मी म्हणालो.

"मंग नको."

विकत घ्यायचा नाही, फुकट आहे, मी म्हणालो.

"फुकटचा नवा तं जास्तीच नवा."

 ताईने पदराने संगणकाच्या पडद्यावरची धूळ पुसली आणि विचारलं, फाईलीत काय आहे. बायजामावशीचे धवले, मी सांगितलं.

"आन मालू?"

तीही आहे, मी म्हणालो. मधून मधून विचारते मावशीला.

 मग ताईने एकदम वेगळाच प्रश्न टाकला. "कुनाचे भांड्यान येतो?"

मी म्हणालो, स्वतःच्या. आपलं काही घेत नाही. आपला टोप नको, आपली पळी नको. डबाच म्हण.

"मंग मंगाशीच सांगाचास ना!" ताई जवळजवळ ओरडली. "सुतकान चूल पेटवली नाय तुजे घरान. तवा काय उपाशी होतास? डबं आलं ना शेजारच्यांचं? त्या डब्यान काय शिळा होता? ताजाच होता ना? डब्यातला नवा धरत नाय. तितल्या तित खावाचा, आपल्या भांड्यान काढाचा नाय, आन डबा रिकामा पाठवाचा."

मितेश, मी नोकरीत पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण फ्लॅटपॅक इतक्या कमी शब्दांत समजावलेलं मी कुठे वाचलं नाही. आणि ताईचं खरं होतं. त्या दिवसांत आमच्या दारात डब्यांची रांग असायची. तळमजल्यावरच्या फातिमाभाभी तांदळाच्या भाकऱ्या आणायच्या, वामनरावांच्या घरून वरण यायचं. (त्यांच्याबद्दल वर जे लिहिलं ते त्यांच्या वरणाला लागू नाही.) एरवी शेजारचा डबा आपण रिकामा परत करत नाही, निदान साखर तरी घालतो. त्या दिवसांतले डबे मात्र रिकामेच परत जायचे आणि कोणी वाईट वाटून घ्यायचं नाही. हे मी विसरलो होतो. ताई विसरली नव्हती.

ताई समोर बसलेली असतानाच मी डबा मागवला. चमचाभर चटणी मागावी आणि तिच्याबरोबर पाटा-वरवंटा, शेगडी आणि आचारी असं सगळं यावं, तसा तो आला. बराच वेळ येत होता. ताई मध्ये एकदा म्हणाली, "गाव जेवाचा हाय क काय?" पण पोचला. जुना प्रोग्रॅम आहे तिथेच आहे, नवा त्याच्या शेजारी त्याच्या खोक्यात, दोघांचा एकमेकांना उपद्रव नाही. खाली डेबियन जसंच्या तसं. फाईल उघडली. काहीही कुरकुर न करता उघडली. मावशीचे धवले एकाखाली एक निळ्या लाटांसारखे दिसतात. जिथे मावशी गाते तिथे लाट उंच आहे, आणि मध्ये मध्ये लहान लहान लाटा आहेत, त्या कोणी तरी हळू आवाजात काही विचारल्यासारख्या.

तर एकूण हिशेब असा, की फाईल उघडली आहे, यंत्र शाबूत आहे, नियम एकही मोडलेला नाही, आणि वामनरावांच्या सांगण्यात तथ्य नाही. इतक्या उलाढालीत मी कोणाची मदत मागितली नाही, हेही तुझ्या लक्षात आलं असेल. यापुढे कोणी तुला विचारलं की ठरलेल्या आवृत्तीच्या लिनक्सवर नवा प्रोग्रॅम कसा घ्यायचा, तर खुशाल माझं नाव सांग. आधी बॅकपोर्ट्स बघा, टेस्टिंगची ओळ मिसळू नका, आणि काही अडलंच तर डबा मागवा, असं मी त्यांना सांगेन. फोनवर नाही, पत्राने.

रंजिताला सांग, लोणचं संपत आलं. तब्येतीला जप. थोरांना नमस्कार.

तुझा,
श्यामसुंदर

ता. क. एक बारीकशी अडचण सांगायची राहिली. फाईल उघडली असली तरी तिचा आवाज अजून आलेला नाही. तू या क्षेत्रातला आहेस, तेव्हा एखाद्या रविवारी येऊन बघून जावंस. मोठं काम नसावं.

आणखी ता. क. तू तुझ्या सवयीने वायरी आणि नवे स्पीकर घेऊन निघशील, ते आणू नकोस. स्पीकर ठीक आहेत. बातम्या त्यांवर इतक्या मोठ्याने लागतात, की फातिमाभाभी खालून विचारतात काय झालं. आवाज येत नाही याचं कारण, मी ते सुरू करायचं बटण अजून दाबलेलं नाही. फाईल रोज उघडतो, लाटा बघतो आणि बंद करतो. मावशी विचारते आहे, तिला फार थांबवता येणार नाही. तू शेजारी बसलास तर दाबेन.

शेवटचं. वर्षाच्या आत तुला मुद्दाम बोलावून घेतलं तर चालेल का, हे मी ताईला विचारून घेतलं आहे. ती म्हणाली, "मितेश काय नवा हाय? जुनाच हाय. येऊं दे." तेव्हा तशी काही अडचण नाही. ये.